पॅनोरमा, फोर्टिमॅनेजर, चेक पॉइंट की एफएमसी: मूळ प्रत कोणाकडे ठेवायची?

शाखांच्या नेटवर्कच्या दाराशी बसून ये-जा तपासणाऱ्या दहा-बारा फायरवॉल असेपर्यंत एक्सेल शीटवर भागतं. कुठल्या शाखेचा कुठला आयपी, कुठला रूल कोणी सांगितला म्हणून टाकला, सगळं त्या शीटमध्ये असतं. मग शाखा वाढतात आणि शीटच्या तीन प्रती होतात. त्यातली एक नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या लॅपटॉपवर जाते. एके दिवशी ऑडिटर बोट ठेवून विचारतो, "हा एनी-टू-एनी रूल, कुणालाही कुठेही जाऊ देणारा, कोणाचा?" त्या दिवसापासून सेंट्रल मॅनेजमेंटची, म्हणजे सगळ्या फायरवॉल एकाच मॅनेजर सर्व्हरवरून चालवण्याची, फाईल वर सरकायला लागते.

फाईल सरकली की पालो आल्टो (पॅनोरमा), फोर्टिनेट (फोर्टिमॅनेजर), चेक पॉइंट आणि सिस्को (एफएमसी, म्हणजे फायरवॉल मॅनेजमेंट सेंटर) यांचे डेमो सुरू होतात. चौघांच्याही स्लाइड सारख्याच वाटतात: एका खिडकीतून सगळं, एका क्लिकवर सगळं. मी फीचरची यादी बाजूला ठेवून एकच प्रश्न विचारतो: नियमांची मूळ प्रत कोणाकडे राहणार, मुख्यालयातल्या सर्व्हरकडे की शाखेतल्या बॉक्सकडे? सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि वहिवाट दुसऱ्याची असली की भांडण ठरलेलंच असतं. फायरवॉलच्या बाबतीतही निम्मी डोकेदुखी याच जातीची आहे, आणि चारही कंपन्यांनी तिचं उत्तर वेगवेगळं दिलंय.

मॅनेजर एका कंपनीचा आणि फायरवॉल दुसऱ्या कंपनीची, हा संसार यातल्या कोणाकडेच नीट चालत नाही. म्हणजे मॅनेजर निवडताना तुम्ही पुढच्या पाच-सात वर्षांच्या फायरवॉलही निवडताय. मी जास्त काम पहिल्या दोघांवर केलंय, त्यामुळे खाली जागाही त्यांनाच जास्त मिळाली आहे.

फोर्टिमॅनेजर: दोन वह्यांचा हिशेब

फोर्टिमॅनेजर प्रत्येक फोर्टिगेटच्या, म्हणजे फोर्टिनेटच्या फायरवॉलच्या, दोन वह्या ठेवतो. पहिली डिव्हाइस डेटाबेस, त्यात इंटरफेस, राउटिंग आणि बॉक्सच्या इतर सेटिंग. दुसरी एडॉमची, म्हणजे एकत्र सांभाळायच्या फायरवॉलच्या गटाची, त्यात पॉलिसी पॅकेज (नियमांचा गठ्ठा) आणि ऑब्जेक्ट (नियमांत वापरायच्या पत्त्यांची, सेवांची नावं). समजा शाखेत इंटरनेट अडलं म्हणून कोणी थेट फोर्टिगेटवर लॉगिन केलं. ही फायरवॉल फोर्टिमॅनेजरच्या ताब्यात आहे, फक्त बघायचंय की बदलायचंय, असं ती आधी विचारते. घाईतला माणूस बदलायच्या बटणावरच बोट ठेवतो आणि एक रूल टाकून मोकळा होतो. हा बदल पहिल्या वहीत आपोआप चढतो, पण दुसरीत पॉलिसी पुन्हा इम्पोर्ट केल्याशिवाय चढत नाही. पंधरा दिवसांनी मुख्यालयातून पॅकेज इन्स्टॉल होतं आणि शाखेतला तो रूल पुसला जातो. तोपर्यंत तो कशासाठी टाकला होता हे कोणालाच आठवत नसतं.

म्हणून फोर्टिमॅनेजर घेणाऱ्यांनी पहिल्या आठवड्यातच ठरवून टाकावं: शाखेतल्या अ‍ॅडमिनला फक्त बघायचा अधिकार. हे जमणार नसेल, शाखेचा माणूस ऐकणाराच नसेल, तर या दोन वह्या कायम भांडत राहतील.

त्याची जमेची बाजूही मोठी आहे. इन्स्टॉल करण्याआधी प्रिव्ह्यू उघडला की बॉक्सवर नेमक्या कुठल्या कमांड जाणार आहेत ते ओळीनं वाचता येतं. ज्याचा हात कमांड लाइनवर बसलाय त्याला याहून चांगला दिलासा नाही. पहिल्या इन्स्टॉलच्या वेळी तिथे ऑब्जेक्ट हटवण्याच्या ओळी भराभर दिसतात, कारण कुठेच न वापरलेले ऑब्जेक्ट तो साफ करतो. घाबरायचं कारण नाही, पण प्रत्येक ओळ वाचा. दोघं-तिघं अ‍ॅडमिन असतील तर वर्कस्पेस मोड लावा, म्हणजे एडॉमला कुलूप घालून काम करता येतं. वर्कफ्लो मोडमध्ये तर साहेबांच्या मंजुरीशिवाय बदल पुढे जातच नाही. सहकारी बँकेत मेकर-चेकर सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं, तिथे हे चटकन रुजतं.

एकसारख्या चाळीस-पन्नास छोट्या शाखा, प्रत्येकीला दोन इंटरनेट लाइन आणि एक टनेल (मुख्यालयाशी सुरक्षित जोडणी), असा कारखाना असेल तर फोर्टिमॅनेजरचे टेम्प्लेट आणि शाखेगणिक बदलणारे व्हेरिएबल फार वेळ वाचवतात.

पॅनोरमा: थरांची उतरंड

पालो आल्टोच्या पॅनोरमानं स्थानिक माणसाला जागा दिली आहे, पण मधल्या थरात. वर मुख्यालयाचे प्री-रूल, मग शाखेतल्या बॉक्सवरचे स्थानिक रूल, त्याखाली मुख्यालयाचे पोस्ट-रूल. शाखेनं मध्ये काहीही लिहिलं तरी वरचा 'बंद' तिला ओलांडता येत नाही, आणि मुख्यालयाचा पुढचा पुश, म्हणजे मॅनेजरनं बॉक्सवर सेटिंग ढकलणं, तिचे रूल पुसतही नाही. वाद मिटवायची ही पद्धत मला चौघांत सगळ्यात शहाणपणाची वाटते.

रूल डिव्हाइस ग्रुपमध्ये आणि नेटवर्कची सेटिंग टेम्प्लेटमध्ये, अशी इथे विभागणी आहे. डिव्हाइस ग्रुपच्या चार पायऱ्या लावता येतात. चार लावता येतात म्हणून चार लावू नका, दोन पुरतात. चौथ्या पायरीवरचा ऑब्जेक्ट नेमका कुठून आला हे शोधत मी एक अख्खी दुपार घालवली आहे.

पुशच्या खिडकीत काही चौकोन असतात आणि नवखा माणूस तिथेच फसतो. 'मर्ज विथ डिव्हाइस कँडिडेट कॉन्फिग' हा चौकोन मुळातच टिक केलेला येतो. शाखेत कोणी काहीतरी अर्धवट करून कमिट (पक्कं) न करता चहाला गेला असेल, तर तुमच्या पुशबरोबर त्याचं ते अर्धवट कामही लागू होतं. दुसरा 'फोर्स टेम्प्लेट व्हॅल्यूज'. शाखेनं स्थानिक गरजेसाठी बदललेल्या सगळ्या सेटिंग हा एका फटक्यात मुख्यालयासारख्या करतो. कधीकधी तेच हवं असतं, पण शुक्रवारी संध्याकाळी सहसा नको असतं. तिसरी गोष्ट, न वापरलेले शेअर्ड ऑब्जेक्टही मूळ सेटिंगप्रमाणे प्रत्येक बॉक्सवर जातात. मोठ्या फायरवॉलला त्याचं काही वाटत नाही, पण छोट्या शाखेतल्या छोट्या मॉडेलची ऑब्जेक्टची मर्यादा भरते आणि पुश फसतो. ती सेटिंग आधीच काढून टाकलेली बरी.

कमिट आणि पुश या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. कमिट केलं म्हणजे बदल फक्त पॅनोरमावर पक्का झाला. नव्या माणसाला हे तीनदा सांगावं लागतं. शिवाय पॅनोरमाची आवृत्ती फायरवॉलच्या आवृत्तीइतकी किंवा तिच्या पुढची लागते, तेव्हा अपग्रेडची रात्र नेहमी वरून सुरू होते.

खर्चात एक खाच आहे. लायसन्स २५, १०० आणि १००० फायरवॉलच्या टप्प्यांत मिळतं. तुमच्या आज २४ शाखा असतील आणि संचालक मंडळाच्या डोक्यात तीन नव्या असतील, तर पुढच्या टप्प्याचा भाव आजच लिहून घ्या.

चेक पॉइंट: बॉक्सनं निमूट ऐकायचं

१९९३ साली सुरू झालेल्या या कंपनीच्या मोठ्या गेटवेवर रूल लिहायची सोयच नाही. रूल मॅनेजमेंट सर्व्हरवर लिहायचे, स्मार्टकन्सोल या त्यांच्या प्रोग्रॅममधून, आणि तिथून इन्स्टॉल करायचे. मूळ प्रत एकच, त्यामुळे वहिवाटीचा वाद नाही. लेयरची रचना, सेशन, पब्लिश आणि मग इन्स्टॉल ही शिस्त २०१६ च्या आर-८० पासून चांगली बसली आहे, आणि हजारो रूल वाचायला याहून सुखाचा पडदा मला अजून सापडलेला नाही.

मात्र इंटरफेस आणि राउट गेटवेवरच्या गाया या ओएसमध्ये राहतात. केंद्राच्या ताब्यात पॉलिसी येते, नेटवर्क पूर्णपणे येत नाही. साठ शाखांत एक राउट बदलायचा झाला तर स्क्रिप्ट लिहिणारा माणूस जवळ हवा. एकाच टीमकडे वेगवेगळ्या संस्थांची फायरवॉल असेल आणि एकीचं दुसरीला दिसता कामा नये, तर त्यांच्या मल्टी-डोमेनचा विचार जरूर करा.

सिस्कोचं एफएमसी

२०१३ मध्ये सिस्कोनं सोर्सफायर घेतली, तिच्या वंशातलं हे उत्पादन. एफएमसीला जोडलेली फायरवॉल स्थानिक बदल जवळजवळ स्वीकारतच नाही, आणि इथे इंटरफेस-राउटिंगही केंद्रातूनच चालतं. डिप्लॉय करण्याआधी 'तपासणी थांबेल का' हा रकाना बघायची सवय लावा, कारण काही बदलांनी स्नॉर्ट, म्हणजे तपासणीचं इंजिन, पुन्हा सुरू होतो आणि तेवढा वेळ ट्रॅफिकला धक्का बसू शकतो. एफएमसी आणि फायरवॉल यांच्यातल्या टनेलचं सर्टिफिकेट दहा वर्षांचं असतं. जुनं एफएमसी वारशानं मिळालं असेल तर ती तारीख आज संध्याकाळीच तपासा. घरात सिस्कोचे जाणकार आहेत, स्विचपासून व्हीपीएनपर्यंत सगळं त्यांचंच आहे, तर एफएमसी घ्या. नव्यानं सुरुवात करणाऱ्याला मी आधी हे सुचवणार नाही.

लॉगचा खर्च कोटेशनमध्ये दिसत नाही

सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार १८० दिवसांचे लॉग जपून ठेवायचे आहेत आणि घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं आहे. आता गणित करा. सगळ्या शाखा मिळून रोज ५ जीबी लॉग येत असतील तर १८० दिवसांचे ९०० जीबी होतात. पॅनोरमा लॉग स्वतः घेऊ शकतो किंवा वेगळे लॉग कलेक्टर लावता येतात. फोर्टिनेटकडे त्यासाठी साधारणपणे फोर्टिअ‍ॅनलायझर हे वेगळं उत्पादन घ्यावं लागतं आणि त्याच्या व्हर्च्युअल आवृत्तीचं लायसन्स रोजच्या जीबीवर चालतं. चेक पॉइंटमध्ये लॉग सर्व्हर मॅनेजमेंटबरोबर किंवा वेगळा ठेवता येतो. एफएमसीत इव्हेंटच्या संख्येला मर्यादा असते आणि जुने आपोआप गळतात, तेव्हा लॉग सिसलॉगनं बाहेरच्या सर्व्हरवर काढणं आलंच. फोर्टिमॅनेजर स्वस्त वाटतो तो पुष्कळदा या ओळीपर्यंतच.

चावीच चोरीला गेली तर

मॅनेजर म्हणजे सगळ्या दारांच्या चाव्यांचा जुडगा. २३ ऑक्टोबर २०२४ ला फोर्टिमॅनेजरमधली त्रुटी जाहीर झाली, त्रुटींच्या जागतिक यादीतला क्रमांक सीव्हीई-२०२४-४७५७५, तीव्रता १० पैकी ९.८. फोर्टिगेटशी बोलणाऱ्या सेवेत ओळख पटवण्याची पायरीच चुकवता येत होती, आणि मँडियंट या सुरक्षा कंपनीच्या तपासानुसार तिचा गैरवापर २७ जून २०२४ पासून चालू होता. हे वाचून फोर्टिमॅनेजर यादीतून कापणार असाल तर थांबा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पालो आल्टोच्या मॅनेजमेंट पडद्यावर लॉगिन चुकवणारी त्रुटी निघाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये एफएमसीच्या रेडियस (ओळख तपासणाऱ्या वेगळ्या सर्व्हरच्या) लॉगिनमध्ये १० पैकी १० तीव्रतेची. सोवळ्यात कोणीच नाही. मॅनेजरचा लॉगिन पडदा इंटरनेटवर उघडा ठेवू नका. शाखांशी बोलायचे पोर्ट, फोर्टिमॅनेजरचा ५४१, पॅनोरमाचा ३९७८, एफएमसीचा ८३०५, फक्त ओळखीच्या आयपींना उघडे ठेवा.

चुकीचा पुश

वर्षं झाली त्याला. कुठला मॅनेजर होता ते सांगत नाही, कारण चूक माझीच होती. एक डिनाय रूल ग्रुप न बघता ढकलला आणि शाखेची मॅनेजरशी बोलायची वाटच बंद केली. शाखेत आयटीचा माणूस नव्हता. कॅशियरताईंना फोन लावून, "ताई, निळी वायर दिसते का? ती नको, त्याच्या शेजारची," असं करत पाऊण तास गेला. काउंटरवर पेन्शनरांची रांग होती, ती वेगळीच.

त्यामुळे माझ्या तुलनेत सगळ्यात वजनदार रकाना हाच. पॅनोरमासोबत पॅन-ओएस (पालो आल्टोच्या फायरवॉलची ओएस) ९.१ पासून फायरवॉल पुशनंतर मॅनेजरशी संपर्क होतो का ते स्वतः तपासते आणि झाला नाही तर जुन्या सेटिंगवर परत येते. फोर्टिगेटही टनेल परत जुळला नाही तर बदल मागे घेते. सिस्कोच्या जुन्या आवृत्त्यांत मागे फिरण्याची कमांड टाकायला कोणीतरी बॉक्सपर्यंत पोचावं लागतं; नव्या आवृत्त्यांत आपोआप मागे फिरण्याची सोय आहे, पण ती आधी चालू करून ठेवावी लागते. चेक पॉइंटवर कन्सोलवरून पॉलिसी उतरवता येते, पण ती उतरली की तेवढा वेळ गेटवे उघडा पडतो. दूरच्या शाखेत तांत्रिक माणूस नसेल तर पहिल्या दोघांचं पारडं इथे जड होतं.

मॅनेजर बंद पडला तरी चारही ठिकाणी फायरवॉल आपलं काम करत राहते, तेव्हा महागड्या एचए जोडीसाठी (एक बंद पडला तर दुसरा सांभाळेल अशा दोन मॅनेजरसाठी) जीव टाकू नका. छोट्या संस्थेला रोजचा बॅकअप आणि तो दुसऱ्या जागी ठेवायची शिस्त पुरते. आठ-दहा शाखाच असतील तर यातलं काहीच घेऊ नका. आपल्याकडे अहमदाबादच्या सायबरोमपासून चालत आलेले सोफॉसचे पुष्कळ ग्राहक आहेत; त्यांना सोफॉस सेंट्रलवर ग्रुप करून काम भागवता येतं. लॉगचे १८० दिवस मात्र तिथेही वेगळे बघा.

माझा कौल असा: एकसारख्या पुष्कळ छोट्या शाखा आणि दोन माणसांची टीम असेल तर फोर्टिमॅनेजर, पण शाखेचे लिहायचे अधिकार काढून घेऊन. स्थानिक अ‍ॅडमिन खरोखर लागणार असतील, खाती वेगवेगळी असतील आणि पैशाची ओढाताण नसेल तर पॅनोरमा.

सही करण्याआधी दोन जुने बॉक्स टेबलवर ठेवून व्हेंडरच्या इंजिनिअरला चार कामं समोर करायला लावा. बॉक्सवर थेट एक रूल टाकून मग मॅनेजरमधून पुश करणे. मॅनेजरचीच वाट बंद करणारा रूल ढकलणे. दोन अ‍ॅडमिननी एकाच वेळी एकच पॉलिसी उघडणे. आणि शेवटी मॅनेजरची व्हर्च्युअल मशीन पुसून बॅकअपमधून नवी उभी करणे. या चौथ्या कामाला इंजिनिअर "सर, ते डॉक्युमेंटमध्ये आहे" म्हणाला, तर त्याला चहा द्या, खुर्ची द्या आणि ते डॉक्युमेंट उघडून तिथेच करायला सांगा.