परीक्षणाचे परीक्षण : पिक्सेल इलेक्ट्रोडच्या फाइली आणि एस्पेसनेटचे ग्लोबल डॉसियर

पेटंटच्या प्रसिद्ध प्रतीत मंजूर दावे, म्हणजे हक्काची व्याप्ती ठरवणारी वाक्ये, असतात, आकृत्या असतात, विवरण असते. परंतु ते दावे पदरात पाडून घेण्यासाठी अर्जदाराने काय सोडून दिले, परीक्षक कोणत्या शब्दावर अडून बसला आणि कोणत्या उत्तराने त्याचे समाधान झाले, यातले काहीही तिथे सापडत नाही. ते सारे अर्जाच्या फाइलीत असते. टीव्ही, लॅपटॉप आणि मोबाइल यांच्या पडद्यांशी संबंधित पेटंटांचा शोध घेणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे अशा फाइली मला जवळजवळ रोज वाचाव्या लागतात, आणि त्यासाठी मी सर्वाधिक वापरते ती सेवा म्हणजे युरोपीय पेटंट कार्यालयाचे एस्पेसनेट आणि त्याच्या पानावरूनच उघडणारे ग्लोबल डॉसियर. ही सेवा संपूर्ण मोफत आहे आणि नाव नोंदवण्याचीही अट नाही. हे परीक्षण मी एकाच कसोटीवर करत आहे : पिक्सेल इलेक्ट्रोड असलेल्या प्रदर्शन-उपकरणाचा अर्ज घेतला, तर त्याची तपासणी कशी झाली हे या सेवेवरून शेवटपर्यंत समजते की नाही.

ही कसोटी मुद्दाम अवघड निवडली आहे. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल असतात, आणि प्रत्येकाचे लाल, हिरवा व निळा असे तीन उपपिक्सेल धरले तर ६२,२०,८०० पिक्सेल इलेक्ट्रोड एका काचेवर बसवलेले असतात. एलसीडीमध्ये हा इलेक्ट्रोड बहुधा इंडियम-टिन ऑक्साइडच्या पारदर्शक थराचा असतो. त्याच्या शेजारचा टीएफटी, म्हणजे पातळ थरांचा ट्रान्झिस्टर, उघडला की त्यावर विद्युतदाब येतो आणि त्या दाबाने लिक्विड क्रिस्टलचे रेणू वळतात. रचना एवढीच. परंतु त्या इलेक्ट्रोडला चिरा पाडायच्या की नाही, त्याची कड टीएफटी उघडबंद करणाऱ्या गेटच्या वायरवर किती चढवायची, इन्सुलेटरमधले संपर्क-छिद्र कुठे घ्यायचे, सामाईक इलेक्ट्रोड समोरच्या काचेवर ठेवायचा की त्याच काचेवर, अशा प्रत्येक प्रश्नावर जगभर हजारो अर्ज दाखल झाले आहेत. इतक्या दाटीत नव्या अर्जाला जागा उरते ती फार थोडी, आणि म्हणूनच परीक्षक व अर्जदार यांच्यातला पत्रव्यवहार वाचण्याजोगा होतो.

आधी पेटंटे शोधण्याविषयी. या क्षेत्रात शीर्षकावरून शोधणे म्हणजे देशपांडे या आडनावावरून पुण्यात माणूस शोधणे. हिताचीच्या ज्या अमेरिकी पेटंटाने (क्रमांक ५,५९८,२८५, मंजुरी १९९७) आयपीएस पडद्यांच्या, म्हणजे विद्युतक्षेत्र काचेला समांतर ठेवणाऱ्या पडद्यांच्या, इतिहासात आपली जागा मिळवली, त्याचे शीर्षक केवळ ‘लिक्विड क्रिस्टल डिस्प्ले डिव्हाइस’ असे आहे. जपानच्या सेमीकंडक्टर एनर्जी लॅबोरेटरी या कंपनीच्या असंख्य पेटंटांची शीर्षके ‘डिस्प्ले डिव्हाइस’ किंवा ‘सेमीकंडक्टर डिव्हाइस’ एवढीच असतात. एस्पेसनेटची खरी ताकद वर्गीकरणात आहे. सीपीसी या युरोप-अमेरिकेच्या सामाईक पेटंट वर्गीकरणातील जी०२एफ १/१३४३ हा गट लिक्विड क्रिस्टल पेशींच्या इलेक्ट्रोडांसाठी आहे. त्याच्या पोटात इलेक्ट्रोडच्या भौमितिक मांडणीसाठी १/१३४३०९ आणि आयपीएस मांडणीसाठी १/१३४३६३ असे उपवर्ग आहेत, तर चिरा व उंचवटे यांनी विद्युतक्षेत्र वाकवणाऱ्या रचना १/१३३७०७ मध्ये जातात. मुख्य गट निवडून त्याखालचे सर्व उपवर्ग एकाच वेळी शोधात घेण्याची सोय एस्पेसनेटवर आहे, आणि वर्गीकरणाचा संपूर्ण वृक्ष तिथेच उघडून वाचता येतो. नवशिक्याने पहिला तास या वृक्षातच घालवावा. तो वाया जात नाही.

ग्लोबल डॉसियरचा दुवा प्रत्येक अर्जाच्या माहितीपानावर असतो. तो दाबला की त्या अर्जाचे कुटुंब, म्हणजे एकाच मूळ अर्जावरून वेगवेगळ्या देशांत दाखल झालेले भाऊबंद, एका तक्त्यात मांडले जाते आणि युरोप, अमेरिका, जपान, दक्षिण कोरिया व चीन या पाच कार्यालयांतील फाइली तारखेच्या क्रमाने उघडतात. शोध-अहवाल, हरकतींची पत्रे, अर्जदाराची उत्तरे, दुरुस्त दावे, मंजुरीची सूचना, सारे एका खिडकीत. अमेरिकी कार्यालयाच्या पेटंट सेंटरवर किंवा जपानच्या जे-प्लॅटपॅटवर स्वतंत्रपणे जाऊनही ही कामे होतात, परंतु एकाच आविष्काराला पाच परीक्षकांनी कसे वागवले हे शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचा जो लाभ इथे होतो, तो मला या सेवेचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

उदाहरण म्हणून मी वाचलेल्या एका जपानी मूळ अर्जाची गोष्ट सांगते. पहिला दावा रुंद होता : काच, तिच्यावर गेटची वायर, अर्धसंवाहक थर, सोर्स व ड्रेन ही ट्रान्झिस्टरची दोन टोके, त्यावर इन्सुलेटर, आणि इन्सुलेटरवर चिरा असलेला पिक्सेल इलेक्ट्रोड, जो संपर्क-छिद्रातून ड्रेनला जोडला आहे. युरोपच्या शोध-अहवालात एका जुन्या दस्तऐवजापुढे एक्स हे अक्षर होते, म्हणजे तो एकटाच दाव्याची नवीनता किंवा कल्पकता उडवायला पुरेसा आहे असे परीक्षकाचे मत. अमेरिकी परीक्षकाने वेगळी वाट धरली. त्याने एका पेटंटात सारी रचना आणि दुसऱ्यात चिरा दाखवल्या, आणि या दोहोंची सांगड घालणे या विषयातल्या जाणकाराला सहज सुचले असते असे लिहून अमेरिकी पेटंट कायद्याच्या कलम १०३ खाली दावा नामंजूर केला. जपानी परीक्षकाचे पत्र जेमतेम दोन पानांचे होते, आणि तरीही नेमके. अर्जदाराने तिन्ही ठिकाणी दावा अरुंद केला, पण तिन्ही ठिकाणी सारखा नाही : अमेरिकेत चिरेच्या वाकण्याचा उल्लेख आला, तर युरोपात चिरेसोबत आणखी दोन वैशिष्ट्ये घालावी लागली. कारण युरोपीय पेटंट कराराच्या कलम १२३(२) नुसार मूळ अर्जात जे थेट व निःसंदिग्धपणे आलेले नाही ते दुरुस्तीतून आत आणता येत नाही, आणि एका उदाहरणातले एकच वैशिष्ट्य उचलून बाकीची मागे ठेवणे तिथल्या परीक्षकांना सहसा खपत नाही. तिन्ही देशांत आकृत्या त्याच, आणि हक्क मात्र तीन वेगळ्या मापांचे. छापील प्रतींवरून फरक दिसला असता. तो का पडला, हे कळले नसते.

आकृत्यांचा विषय निघाला आहे म्हणून एक मुद्दा थोडा विस्ताराने मांडते, कारण पिक्सेल इलेक्ट्रोडच्या फाइलींत तो वारंवार येतो. जुन्या पेटंटातील आकृतीवर पट्टी ठेवून ‘इथे चिरेची रुंदी इलेक्ट्रोडच्या पट्टीपेक्षा कमी दिसते’ असा युक्तिवाद करण्याचा मोह परीक्षकाला होतो. आकृती प्रमाणबद्ध असल्याचे विवरणात म्हटलेले नसेल, तर अशा मोजमापावर विसंबता येत नाही, असे पेटंटांची अपिले ऐकणाऱ्या अमेरिकी फेडरल सर्किट न्यायालयाने २००० साली हॉकरसन-हॅल्बरस्टाट विरुद्ध एव्हिया या बुटांच्या खटल्यात स्पष्ट केले, आणि परीक्षकांच्या तेथील मार्गदर्शिकेतही हे तत्त्व नोंदलेले आहे. बुटाच्या तळव्यातील खाचांवरून निघालेला हा निकाल पडद्यांच्या अर्जदारांनी किती ठिकाणी ढालीसारखा पुढे केला आहे, हे फाइली उघडल्यावरच ध्यानात येते. मात्र आकृतीत स्पष्ट दिसणारी रचना, उदाहरणार्थ इलेक्ट्रोडची कड वायरवर चढलेली असणे, पुरावा म्हणून चालते. नाकारले जाते ते केवळ अंदाजे मोजलेले प्रमाण.

आता भाषांतराविषयी, जिथे या सेवेचे मोल आणि तिची मर्यादा एकाच ठिकाणी दिसतात. जपानी, कोरियन आणि चिनी कागदपत्रांचे यंत्राने केलेले इंग्रजी भाषांतर डॉसियरमध्ये मिळते. हे किती महत्त्वाचे आहे ते सेमीकंडक्टर एनर्जी लॅबोरेटरी विरुद्ध सॅमसंग या खटल्यावरून समजावे. पिक्सेलमागच्या टीएफटीशी संबंधित एका पेटंटाच्या परीक्षणात अर्जदाराने, म्हणजे या लॅबोरेटरीने, कॅननचा २९ पानांचा जपानी दस्तऐवज मूळ भाषेत सादर केला आणि सोबत एका पानाचे अंशतः भाषांतर व थोडक्यात निवेदन जोडले. जे भाग आविष्काराच्या दृष्टीने अधिक जवळचे होते ते त्या भाषांतरात आले नव्हते. फेडरल सर्किटने २००० साली हे वर्तन फसवणुकीच्या हेतूचे ठरवणारा खालच्या न्यायालयाचा निर्णय कायम केला आणि ते पेटंट अंमलबजावणीस अपात्र ठरले. त्या परीक्षकाला जपानी वाचता येत नव्हते, आणि भाषांतराची कळ त्याच्या टेबलावर नव्हती. आज ती तुमच्या-आमच्या टेबलावरही आहे.

परंतु त्या कळीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. जपानी दाव्यांतील ‘उए नि’ या शब्दप्रयोगाचा अर्थ ‘टेकून वर’ असाही होतो आणि ‘वरच्या बाजूला’ असाही. मराठी वाचकाला हे चटकन कळेल, कारण आपलेही तसेच आहे : भिंतीवरचे चित्र भिंतीला टेकलेले असते, डोक्यावरचा पंखा डोक्याला टेकलेला नसतो. इन्सुलेटर‘वर’ पिक्सेल इलेक्ट्रोड असे म्हटले, की मध्ये आणखी एखादा थर चालेल की नाही हा प्रश्न उभा राहतो, आणि अनेकदा संपूर्ण दाव्याचे भवितव्य त्या एका प्रत्ययावर लटकलेले असते. यंत्र मात्र एका परिच्छेदात ‘ऑन’ आणि पुढच्यात ‘अबव्ह’ लिहून मोकळे होते. अशा ठिकाणी मूळ पान उघडून आकृतीशी ताडून पाहण्याला पर्याय नाही, आणि मोठा आर्थिक निर्णय घ्यायचा असेल तर जपानी जाणणाऱ्या माणसाकडून ते पान वाचून घ्यावे.

दोष आणखीही आहेत. फाइलीतील बरीच कागदपत्रे स्कॅन केलेल्या प्रतिमा असल्यामुळे त्यांच्यात शब्द शोधता येत नाही. शंभर पानांच्या उत्तरात हवा तो परिच्छेद डोळ्यांनीच हुडकावा लागतो. यादीतील कागदपत्रांची नावे कार्यालयागणिक वेगळी आहेत, आणि कोणते पत्र निर्णायक आहे हे नावावरून ओळखायला सराव लागतो. जुन्या फाइलींची तर आशाच धरू नये. नव्वदच्या दशकातील अमेरिकी फाइली बहुधा कागदावरच राहिल्या, त्यामुळे आयपीएस तंत्राच्या पायाभूत पेटंटांची तपासणी वाचण्याची इच्छा असली तरी ती इथे पुरी होत नाही.

गूगल पेटंट्सशी तुलना अटळ आहे, म्हणून थोडक्यात करते. पूर्ण मजकुरातील शोध, वेग आणि वाचनाची सोय यांत ती सेवा सरस आहे, आणि परीक्षकाने स्वतः शोधून काढलेल्या संदर्भांपुढे तिथे तारांकन दिसते, ही बारीक सोय मला फार आवडते. परंतु परीक्षणाचा पत्रव्यवहार तिथे नसतो, आणि पेटंट जिवंत आहे की संपले यासंबंधीची तिथली नोंद हा कायदेशीर निष्कर्ष नसल्याचे ती सेवा स्वतःच सांगते. जे-प्लॅटपॅट जपानी फाइलींसाठी अधिक सखोल आहे. तिथल्या एफ-टर्म वर्गीकरणात इलेक्ट्रोडांसाठी इतके बारीक कप्पे आहेत की सीपीसी त्यापुढे ढोबळ वाटावे. मात्र तिची ओळख व्हायला वेळ लागतो आणि इंग्रजी मुखवट्यामागे जपानी शिस्त सतत जाणवत राहते.

भारतीय वाचकांसाठी शेवटचा मुद्दा. आपल्या देशात दाखल झालेल्या अर्जाचा पहिला परीक्षण अहवाल, त्याला सहा महिन्यांच्या मुदतीत द्यायचे उत्तर, सुनावणीची नोटीस आणि पेटंट नियंत्रकाचा निर्णय हे सारे इनपास या आपल्या सरकारी सेवेवर मोफत वाचता येते, फक्त चित्रातील अक्षरे ओळखून टाकण्याचा सोपस्कार तिथे करावा लागतो. मार्च २०२४ मध्ये बदललेल्या नियमांनुसार, परदेशांतील भाऊबंद अर्जांची माहिती विचारात घेण्यासाठी आपल्या नियंत्रकांनी उपलब्ध डेटाबेस वापरावेत असे नियम १२ मध्ये आले आहे. याचा सरळ अर्थ असा, की मुंबईत अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात तुमचा अर्ज ज्यांच्यापुढे येईल, त्यांना युरोपात तुम्ही काय कबूल केले ते वाचता येते. म्हणून भारतीय हरकतीला उत्तर लिहायला बसण्यापूर्वी डॉसियर उघडावे, परदेशांतील दुरुस्त दावे छापून घ्यावेत, आणि मुंबईत जे म्हणणार आहोत त्याच्या उलट काही म्युनिकमध्ये, म्हणजे युरोपीय पेटंट कार्यालयात, आपल्याच सहीने गेलेले नाही ना, हे एकदा पेन्सिल घेऊन तपासावे.