निर्णयाची किंमत मोजायला लावणारा आरपीजी: पाचांपैकी कुठला घ्यावा?

स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवर सेल लागला की नाशिकमधल्या ओळखीच्या पोरांचे मेसेज सुरू होतात. कुणी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, कुणी सातपूर-अंबडच्या कंपनीत नुकतंच लागलंय. खिशात एका मोठ्या गेमपुरते पैसे, हाताशी शनिवार-रविवार, आणि प्रश्न ठरलेला: आपण घेतलेल्या निर्णयाचा खरोखर परिणाम होतो असा आरपीजी, म्हणजे एखादं पात्र होऊन खेळायचा कथेचा गेम, कुठला घेऊ?

‘तुमचे निर्णय जग बदलतात’ हे वाक्य हल्ली जवळपास प्रत्येक गेमच्या जाहिरातीत असतं, त्यामुळे नुसत्या नावांची यादी देऊन भागत नाही. मी स्वतः खेळलेले आणि लोकांना पुन्हा पुन्हा सुचवलेले पाच गेम इथे शेजारी शेजारी ठेवतोय: द विचर ३, मास इफेक्टची लेजंडरी एडिशन, बाल्डर्स गेट ३, डिस्को एलिसियम आणि अंडरटेल. पाचही पीसीवर मिळतात. उदाहरणं देताना कथेतले काही प्रसंग फुटणार आहेत, पण शेवट कुठल्याच गेमचा सांगत नाही.

गेममध्ये किती फाटे फुटतात हे मी मोजत बसत नाही. मी दोनच गोष्टी बघतो. माझ्या निर्णयाचा फटका ज्याला बसतो त्या माणसाला मी ओळखतो का? आणि तो फटका दिसेपर्यंत जुना सेव्ह (आधी साठवून ठेवलेला टप्पा) लोड करून मागे जायची वेळ निघून गेलेली असते का? नाशिककराला हे फार समजावून सांगावं लागत नाही. पंचवटीत शूर्पणखेचं नाक कापलं गेलं, तेव्हा तिथल्या तिथे प्रकरण मिटल्यासारखं वाटलं असेल. त्याचा हिशेब सीताहरणापासून लंकेच्या युद्धापर्यंत चालला, आणि ज्यांनी तो चुकता केला त्यातले बरेचसे त्या दिवशी पंचवटीत हजरही नव्हते. चांगल्या आरपीजीत निर्णय असा लांबवर पोचतो.

ही कल्पना तशी जुनी आहे. १९८५ च्या अल्टिमा ४ मध्ये एक आंधळी दुकानदारीण होती. ती माल हातात द्यायची आणि पैसे तुम्हीच मोजून द्यायचे. कमी दिले तरी ती काही बोलायची नाही, पण गेम तुमच्या प्रामाणिकपणाच्या खात्यातून तेवढं वजा करायचा. चाळीस वर्षांनंतरही बऱ्याच गेमना एवढं साधं जमत नाही, म्हणून ते उदाहरण मी विसरत नाही.

द विचर ३: माझी पहिली शिफारस

२०१५ मध्ये सीडी प्रोजेक्ट रेड या पोलिश कंपनीने हा गेम काढला. चांगुलपणा मोजणारा मीटर यात नाही. तुम्ही बरोबर वागलात की चूक, हे गेम कधीच सांगत नाही. पुढे कधीतरी एखाद्या गावातून जाताना तुम्हालाच ते दिसतं.

ज्या भागामुळे मी हा गेम सुचवतो तो बॅरनचा. गेराल्ट, म्हणजे आपण ज्याला खेळवतो तो राक्षसांची शिकार करणारा विचर, आपल्या मुलीसारख्या सिरीला शोधत वेलेन नावाच्या दलदलीच्या मुलखात येतो. तिथला बॅरन म्हणतो, माझी बायको आणि मुलगी गायब आहेत, त्यांना शोधून दे, मग सिरीबद्दल सांगतो. थोडं खणलं की कळतं, हा माणूस दारू पिऊन बायकोला मारत होता. तिचा गर्भ पडला आणि बाळाला नीट मूठमातीही मिळाली नाही. त्या बाळाचं आता पिशाच झालंय. त्याला मारून टाकायचं, की विधी करून त्याला घरचं राखण करणारं रूप द्यायचं, हे तुम्ही ठरवायचं. विधी निवडलात, तर रात्रीच्या पावसात बॅरन ते वळवळणारं, भेसूर पोर दोन्ही हातांत धरून चालतो, तुम्ही त्याच्या बाजूने चालत भुतांना अडवत राहता, आणि शेवटी तो त्याला नाव देऊन घराच्या उंबऱ्याखाली पुरतो. ज्याचा तासाभरापूर्वी राग आला होता त्याच माणसाच्या आवाजाने तुमचा गळा दाटतो. त्याने केलेलं मात्र तसूभरही कमी होत नाही. ही दोन्ही टोकं एकाच दृश्यात धरून ठेवणं दुसऱ्या कुठल्या गेमला मी इतकं जमलेलं पाहिलेलं नाही.

पंचवटीतल्या एका मित्राकडे आम्ही हा भाग खेळत होतो. त्याची आई मागे बसून मेथी निवडत होती. बॅरनचा पश्चात्ताप ऐकून आम्ही दोघे हळवे झालो होतो. काकूंनी जुडी खाली ठेवून विचारलं, “अरे, पण त्या बाईला कुणी विचारलं का, तिला परत यायचंय का म्हणून?” आम्ही तोवर तिला फक्त शोधत होतो. गेमनेही तो प्रश्न आतच पेरून ठेवलेला आहे. मुलगी सापडते तेव्हा ती स्वच्छ सांगते की आम्ही पळवून नेल्या गेलो नाही, आम्ही पळालो.

पुढे एका टेकडीखाली, झाडाच्या मुळांत कोंडलेला एक आत्मा भेटतो. मला सोडव, दलदलीतल्या अनाथ मुलांना मी वाचवतो, असं तो म्हणतो. सोडवलंत तर मुलं वाचतात, पण शेजारचं गाव उद्ध्वस्त होतं आणि बॅरनच्या घराचं जे होतं ते इथे लिहवत नाही. मारलंत तर बॅरनच्या बायकोचा जीव वाचतो, भान मात्र हरपलेलं असतं, आणि मुलं जातात. हे सगळं कळेपर्यंत तुम्ही खूप पुढे आलेले असता. सेव्ह लोड करायचा विचार येतो, पण कुठला लोड करणार? दोन्हीकडे माणसंच आहेत.

सिरीच्या बाबतीत तर निर्णय निर्णयासारखे दिसतही नाहीत. तिला एखाद्या भेटीला एकटीला जाऊ दिलंत की बरोबर गेलात, तिच्या रागाला वाट करून दिलीत की समजूत घालत बसलात, अशा बारीकसारीक वागण्यावर शेवट ठरतो. पोटच्या पोराला वाढवणाऱ्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल.

उणी बाजूही सांगतो. लढाई बेताची आहे, पहिले काही तास रेंगाळतात, आणि गेराल्ट हा गेराल्टच राहतो. आपलं स्वतःचं पात्र घडवायची हौस असेल तर ती इथे भागत नाही.

मास इफेक्ट: निळा आणि लाल

लेजंडरी एडिशन २०२१ ची, पण आतले तीन गेम २००७, २०१० आणि २०१२ चे. इथे मीटर आहे: पॅरागॉन निळा, रेनेगेड लाल. कुठलं उत्तर कुठल्या खात्यात जाणार हे संवादाच्या चक्रातल्या जागेवरून कळतं. शिवाय एका बाजूचे गुण साठवले तरच मोक्याच्या वेळी समोरच्याला पटवण्याचे खास पर्याय उघडतात. त्यामुळे खेळणारा एकदा रंग निवडतो आणि पुढे विचार करायचं थांबवतो. हे गेम बनवणाऱ्या बायोवेअर कंपनीच्या एका माजी कर्मचाऱ्याने २०२० मध्ये सांगितलं होतं की साधारण ९२ टक्के खेळाडू पॅरागॉनच निवडायचे. मला यात खेळाडूंचा चांगुलपणा कमी आणि रचनेचा दोष जास्त दिसतो.

तरीही हा संच मी यादीतून काढत नाही, आणि त्याचं कारण व्हरमायर. पहिल्या गेममधल्या या ग्रहावर दोन सहकारी दोन ठिकाणी अडकतात आणि एकालाच वाचवता येतं. तिथे निळं-लाल काही नसतं. त्याच ग्रहावर रेक्स हा जुना सोबती तुमच्यावर बंदूक रोखतो, कारण त्याच्या वंध्यत्वाच्या शापाने गांजलेल्या जमातीला वाचवू शकेल असा उपाय तुम्ही नष्ट करायला निघालेले असता. तुम्ही त्याची समजूत घातलीत की त्याला गमावलंत, हे सेव्हबरोबर तिसऱ्या गेमपर्यंत येतं. मूळ गेम निघाले तेव्हा खेळणारे त्या निर्णयाबरोबर पाच वर्षं राहिले. तिसऱ्याच्या शेवटावर २०१२ मध्ये एवढा गदारोळ झाला की कंपनीने वाढीव शेवट फुकट दिला. लोक एवढे चिडले, कारण ती माणसं त्यांना आपली वाटत होती. सोबत्यांसाठी खेळणाऱ्याने हा घ्यावा. नैतिक पेच हवा असेल तर मात्र विचरच्या मागे ठेवावा.

बाल्डर्स गेट ३: सगळ्यात मोकळा, आणि म्हणूनच निसटता

लारियन या कंपनीचा २०२३ चा हा गेम स्वातंत्र्यात बाकी चौघांच्या पुढे आहे. कुठलंही पात्र घडवा, जवळपास कुणालाही मारा, मनवा, फसवा. सुरुवातीलाच एका वनात आसरा मागणारे निर्वासित टीफलिंग (शिंगं असलेली एक जमात) भेटतात. चोरी केली म्हणून त्यांच्यातल्या एका लहान मुलीला पकडलेलं असतं, समोर साप सोडलेला असतो, बाहेर आईबाप रडत असतात. तुम्ही मध्यस्थी करता, पडद्यावर वीस बाजूंचा फासा फिरतो, आणि कमी दान पडलं तर त्या मुलीचा जीव तुमच्यासमोर जातो.

अडचण इथूनच सुरू होते. एक बटण दाबून मागे जाता येतं, आणि बहुतेक जण जातात. फासा डोळ्यांसमोर पडल्यामुळे तो आपला निर्णय न वाटता आपलं नशीब वाटतं, आणि नशीब बदलून घ्यायला कुणाला वाईट वाटत नाही. एकच सेव्ह असलेला ऑनर मोड नंतर आला, पण त्यात लढायाही कठीण होतात, म्हणून पहिल्याच खेपेला तो घेऊ नका. त्यापेक्षा संवाद सुरू असताना रीलोड करायचं नाही, एवढा नियम स्वतःवर घाला. मग हाच गेम कितीतरी जड वाटू लागतो.

वाईट वाटेने गेलात तर गेम खरोखर रिकामा होत जातो. वनावर हल्ला करायला साथ दिली की विल आणि कार्लाक हे सोबती तुम्हाला सोडून जातात, आणि जे निर्वासित पुढे भेटले असते त्यांच्या जागा ओस पडलेल्या असतात. परिणाम म्हणून हे चोख आहे. पण त्या बदल्यात वाईट वाटेवर नवीन फारसं काही मिळत नाही, आणि ती वाट सरळसरळ क्रूर आहे. विचरसारखं ‘दोघांचंही खरं आहे’ असं वाटण्याचे प्रसंग इथे कमी आहेत.

एका गोष्टीत मात्र याला तोड नाही: चार जणांना मिळून खेळता येतं. शाळेतले मित्र नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला पांगले असतील, तर वाद घालत घेतलेल्या निर्णयांची मजा हाच गेम देईल. मित्राने तुम्हाला न विचारता कैद्याला सोडून दिलं की मग जी चर्चा होते, ती एकट्याने खेळून मिळत नाही.

डिस्को एलिसियम

२०१९ चा. लढाई नाही, नुसता संवाद. स्मृती गेलेला पोलीस अधिकारी, हॉस्टेलमागे झाडाला लटकणारं प्रेत, आणि शेजारी वही घेऊन शांतपणे उभा असलेला सहकारी किम कित्सुरागी. निर्णयांचे फाटे थोडे आहेत, पण किम बघतोय ही जाणीव कुठल्याही मीटरपेक्षा जास्त काम करते. मी अख्खा गेम त्याच्या नजरेतून उतरू नये म्हणून खेळलो. इंग्रजी मजकूर मात्र दहा लाख शब्दांहून जास्त आहे, आणि भाषाही वळणावळणाची. इंग्रजी कादंबऱ्या सहज वाचत असाल तर विचरच्याही आधी घ्या, नाहीतर पुढे कधीतरी.

अंडरटेल: सेव्ह फाइललाच साक्षीदार करणारा

हाही २०१५ चाच. टोबी फॉक्सने जवळपास एकट्याने केलेला, जुन्या व्हिडिओ गेमसारखा दिसणारा, डिस्कवर जेमतेम २०० एमबीचा. समोर येणाऱ्या प्रत्येक राक्षसाला न मारता पुढे जाता येतं.

वर मी रीलोडचं म्हणत होतो, त्यावर खरा तोडगा याच गेमने काढला. पहिल्या तासाभरात एक मायाळू पात्र तुमची वाट अडवतं. तिला कसं सोडायचं ते पटकन कळत नाही, त्यामुळे पुष्कळ जणांच्या हातून ती मरते. मग अपराधी वाटून ते गेम पुन्हा लोड करतात आणि या वेळी तिला वाचवतात. त्यानंतर भेटणारं एक पात्र तोंडावर सांगतं, तू तिला मारलं होतंस, मग मागे गेलास, मला माहीत आहे. अंगावर काटा येतो. आणि सगळ्यांना संपवायची वाट पूर्ण खेळलात, तर नंतर कितीही नव्याने सुरुवात करून शांतीचा शेवट गाठलात तरी त्यावर डाग राहतो. इतर गेममध्ये कथेतली पात्रं लक्षात ठेवतात, इथे खुद्द गेम लक्षात ठेवतो.

पैसे आणि मशीन

बाल्डर्स गेट ३ ला १५० जीबी जागा लागते, तीही एसएसडीवर, आणि किमान ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड. मास इफेक्टचा संच शंभर जीबीच्या वर जातो. विचर ३ सुमारे ५० जीबी. २०२२ च्या अपडेटनंतर तो जड झालाय, पण सुरू करताना डायरेक्टएक्स ११ निवडलं तर जुन्या कार्डावरही चालतो. डिस्को साध्या मशीनवर निभावतो, आणि अंडरटेल ऑफिसच्या लॅपटॉपवरही.

म्हणून ज्याच्याकडे बरं ग्राफिक्स कार्ड आहे त्याला मी विचर ३ घ्यायला सांगतो, दोन्ही विस्तारांसकट मिळणारी आवृत्ती. कार्ड नसेल तर अंडरटेल, तो एरवीही इतका स्वस्त असतो की सेलची वाट बघायची गरज नाही. मित्रांची चौकडी तयार असेल तर बाल्डर्स गेट ३, पण चौघांनीही तो विकत घेतलेला लागतो हे आधी बोलून घ्या.

घरात एकच पीसी असेल आणि धाकटी भावंडंही तो वापरत असतील, तर हेही लक्षात घ्या: अंडरटेल सोडून बाकी चारही गेमना युरोपात अठरा वर्षांवरचं रेटिंग आहे, आणि ते योग्यच आहे. बॅरनचा भाग पोरांसमोर खेळू नका. अंडरटेल मात्र त्यांना शेजारी बसवून खेळा, आणि कुणाला सोडायचं, कुणाला मारायचं हे त्यांना ठरवू द्या. इंग्रजी तेवढं मोठ्याने वाचून मराठीत सांगावं लागेल.