रत्नागिरीतलं एक स्कॅन सेंटर: हाडातला पू शोधायला कितपत कामाचं?

हाडात किंवा सांध्यात पू झाल्याची शंका आली की दापोलीपासून मालवणपर्यंतचे पेशंट अजून मुंबई नाहीतर कोल्हापूरची गाडी धरतात. रत्नागिरीतल्या या खासगी सेंटरमुळे त्यातल्या बऱ्याच फेऱ्या वाचू शकतात. मात्र डॉक्टरांनी चिठ्ठीवर काय लिहिलंय, यावर निम्मा रिपोर्ट ठरतो. इथे डिजिटल एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी आणि दीड टेस्लाचा (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) एमआरआय आहे. किरणोत्सर्गी औषध टोचून काढायचा न्यूक्लिअर स्कॅन नाही.

एक्स-रे दहा मिनिटांत हातात पडतो. पण हाडातलं ३० ते ५० टक्के कॅल्शियम गेल्याशिवाय त्यावर काही उमटत नाही आणि त्याला १० ते १४ दिवस लागतात. चार दिवसांच्या तापात मांडी धरून रडणाऱ्या मुलाचा एक्स-रे स्वच्छच येणार. इथले रिपोर्ट अशा वेळी ‘हाडात दोष नाही’ एवढ्यावर थांबतात. ‘शंका असल्यास एमआरआय करा’ ही एक ओळ लिहायला काय हरकत आहे? तरी एक्स-रे टाळू नये. जुनं फ्रॅक्चर, गाठ किंवा आत राहिलेला धातूचा तुकडा आधी कळला, तर एमआरआय वाचताना चूक होत नाही.

सोनोग्राफी ही इथली सर्वांत जमेची बाजू. लहान मुलांच्या खुब्यातलं पाणी दोन्ही बाजू शेजारी ठेवून मोजतात, तसंच मोजायला हवं. बंदरावरच्या लोकांच्या हातापायात शिंगाळ्याचा काटा मोडून राहतो, शेतात बाभळीचा. बाभळीचा काटा, म्हणजे लाकूडच, एक्स-रेवर दिसत नाही. सोनोग्राफीत मात्र चमकती रेघ आणि तिच्यामागे सावली दिसते. चिठ्ठीवर ‘काटा शोधा’ असं स्पष्ट लिहून न्या, नाहीतर नुसती सूज लिहून येते.

सांध्यात पाणी दिसलं तरी तो पू आहे की नुसती प्रतिक्रिया, हे कुठलंच यंत्र सांगत नाही. सुई घालावीच लागते. आधी कळवलं तर सेंटरवाले सोनोग्राफीखाली पाणी काढून देतात. पेशंटची तब्येत धरून असेल, तर अँटिबायोटिक सुरू होण्याआधीच हे करून घ्यावं. नमुना निर्जंतुक डबीत हवा. बायोप्सीचा तुकडा असेल तर दोन भाग करायला सांगा, कारण फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवायच्या रसायनात) पडलेल्या तुकड्याचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून ओळखायची तपासणी, होत नाही. ही चूक सर्रास होते आणि मग टीबी की साधा पू, हा प्रश्न तसाच लोंबकळत राहतो.

एमआरआयमध्ये बदल ३ ते ५ दिवसांतच दिसतात. टी-वन आणि स्टर या एमआरआयच्या दोन प्रकारच्या प्रतिमा. टी-वनमध्ये हाडातली मज्जा काळी आणि स्टरमध्ये तीच जागा पांढरी, ही जोडी भेटली तर शंका पक्की होत जाते. नुसतं स्टर पांढरं असेल तर शेजारच्या जखमेची सूजही असू शकते. मधुमेही पायाच्या तपासणीत इथले टेक्निशियन पायाची वेगळी कॉइल (सिग्नल पकडणारा भाग) लावतात आणि व्रणाच्या कडेला व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल चिकटवतात. फिल्मवर ती पांढरी दिसते आणि व्रणाखालचं हाड नेमकं कुठलं ते कळतं. ही टापटीप मोठ्या शहरांतही सगळीकडे सापडत नाही.

मणक्याच्या बाबतीत मात्र सावध राहावं. मणक्याचा टीबी एक जागा सोडून दुसरीकडेही असू शकतो, पण ‘होल स्पाइन स्क्रीनिंग’ (सगळ्या मणक्याची झटपट पाहणी) लिहून दिल्याशिवाय इथे फक्त कंबरच काढतात. गळू किंवा मेलेला भाग वेगळा दाखवायचा तर गॅडोलिनियमची, म्हणजे प्रतिमेत असे भाग उठून दिसावेत म्हणून टोचायच्या औषधाची, सुई लागते. नेहमीचं प्रमाण किलोमागे ०.२ मिली, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२ मिली. किडनीसाठीच्या क्रिएटिनिन तपासणीचा ताजा रिपोर्ट न्या. जीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा) ३० च्या खाली असेल तर सुई खरंच हवी का आणि कुठल्या प्रकारची, हे आधी डॉक्टरांशी बोलून ठरवा.

रॉड-प्लेट असलेल्यांना कुणीतरी ‘तीन टेस्लाला जा’ म्हणून पिटाळतं. ते उलटं आहे. धातूभोवतीचा काळा डाग तीन टेस्लावर वाढतो, दीडवर कमी राहतो. चरबीची चमक दाबायच्या फॅट-सॅट पद्धतीऐवजी स्टर आणि रुंद बँडविड्थ (हा डाग कमी करणारी यंत्राची सेटिंग) मागा. त्यानेही भागलं नाही तर पेट स्कॅनसाठी (हाही एक न्यूक्लिअर स्कॅन) मुंबई-पुण्यासारखं मोठं शहर गाठावं लागतं. त्यासाठी टोचायचं किरणोत्सर्गी एफ-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. मुंबईहून सात-साडेसात तासांनी रत्नागिरीत पोचेपर्यंत ते सोळाव्या हिश्श्यावर येतं, म्हणून पेशंटलाच तिकडे जावं लागतं. हाडांचा साधा न्यूक्लिअर स्कॅन ऑपरेशननंतर बरेच महिने उगाचच पेटलेला दिसतो, हेही ध्यानात असू द्या.

निघताना सीडी मागून घ्या. ती आपणहून देत नाहीत, फिल्मच हातात ठेवतात. पावसाळ्याच्या दमटपणात फिल्म एकमेकींना चिकटतात, आणि मोबाइलवर काढलेल्या तिच्या फोटोवरून मुंबईचा डॉक्टर मज्जेतला बदल ओळखू शकत नाही.