सावंतवाडीला गंजिफा घ्यायला निघाला असाल तर

गंजिफा, म्हणजे हातानं रंगवलेले गोल पत्ते, घ्यायला गेलो आणि आमचे 21,500 रुपये गेले. 16,500 रोख आणि 5,000 फोनवरून. पैशांचं दुःख आहेच, पण सासूबाईंच्या आठवणी त्यांच्याच तोंडून काढून घेऊन त्यांनाच विकल्या गेल्या, याचा राग अजून जात नाही. ज्यानं फसवलं तो माणूस आजही कुठल्यातरी चहाच्या टपरीवर बसून पाहुण्यांच्या गप्पा ऐकत असेल, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

सासूबाईंना मी आईच म्हणते. वय 72, माहेर वेंगुर्ल्याच्या बाजूचं. त्यांचे आजोबा रात्री पडवीत कंदिलाच्या उजेडात गंजिफा खेळायचे. गोल पानं, त्यांवर विष्णूचे दहा अवतार, तांबडी लाकडी पेटी, सरकतं झाकण. मुलींनी हात लावायचा नाही, पण बघता यायचं. दिवसा डाव मांडला तर रामाची उतारी आधी, रात्री मांडला तर कृष्णाची, हा नियम त्यांना साठ वर्षांनंतरही पाठ आहे. घराच्या वाटण्या झाल्या आणि पेटी कुठे गेली कुणालाच कळलं नाही. गेल्या डिसेंबरात कोल्हापुराहून आंबोलीमार्गे चार दिवस कोकणात जायचं ठरलं, तेव्हा आईंची मागणी एकच होती, गंजिफा घ्यायची. मला सावंतवाडीच्या चितारआळीतली, म्हणजे लाकडी खेळणी करणाऱ्यांच्या गल्लीतली, लाकडी फळं आणि लेकीसाठी भातुकली हवी होती, नवऱ्याला कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी बघायची होती.

सावंतवाडीत पोचलो तेव्हा अंधार पडला होता. मोती तलावाच्या काठावरून राजवाड्याचे दिवे बघितले, जेवलो, झोपलो. इथेच पहिली चूक झाली. सकाळी आधी राजवाडा बघायचा सोडून आम्ही पिंगुळीला निघालो, म्हटलं परतताना निवांत बघू. पिंगुळीत फार छान वेळ गेला. ठाकर समाजाची ही कला, चित्रांच्या पोथ्या समोर धरून गोष्ट सांगायची, आणि त्याच घरांमधून कळसूत्री बाहुल्याही. 2021 साली पद्मश्री मिळालेले परशुराम गंगावणे याच गावचे. तिथून निघताना आई इतक्या खुशीत होत्या की महामार्गावर चहाला थांबलो तरी त्यांचं बोलणं थांबेना. गंजिफा, आजोबा, पेटी, सगळं मोठ्यानं.

शेजारच्या बाकावर पन्नाशीचा एक माणूस बसला होता. साधा शर्ट, पायात चपला, कपाळाला गंध. त्यानं अगदी घरच्यासारखं विचारलं, "काकी, तुमचां म्हायार खंयचां?" आईंनी गावाचं नाव सांगितलं. त्याला तिथलं देऊळ माहीत, जत्रेची वेळ माहीत. पाच मिनिटांत आई मालवणीत बोलायला लागल्या. सासरी पन्नास वर्षं काढलेल्या बाईला माहेरची भाषा बोलायला मिळाली की काय होतं, ते मी त्या दिवशी पाहिलं.

मग तो म्हणाला, राजवाड्यात मिळते ती नवीन, पर्यटकांसाठी केलेली. जुनी बघायची असेल तर माझ्याकडे आहे, एका वाड्यातून आलेली, मालक मुंबईला असतात, कुणाला देऊ नको म्हणालेत, पण काकींसाठी दाखवतो.

घर रस्त्यापासून आत होतं, कौलारू. लाइट नव्हती. खोलीत एकच लहान खिडकी. त्यानं आईंना विचारलं, तुमच्या आजोबांची कशी होती? आईंनी सांगितलं, तांबडी पेटी, सरकतं झाकण, दशावतारी. तो म्हणाला, माझ्याकडे दोन आहेत, तुम्ही म्हणता तशीच आणतो. आत गेला आणि दहा मिनिटांनी तांबडी, सरकत्या झाकणाची पेटी घेऊन आला. कापूर आणि जुन्या कपड्यांचा वास येत होता. वरचं पान मत्स्य अवताराचा राजा. त्याच्या अंगावरून एक बारीक काळी भेग गेलेली, कडेला पिवळट डाग. आईंचे डोळे भरून आले. त्या क्षणी त्या खोलीतल्या आम्हा कुणालाच भाव करायची इच्छा उरली नव्हती, आणि हे त्याला आमच्या आधी कळलं होतं.

त्यानं 35,000 सांगितले, 16,500 ला तयार झाला. पण त्याची खरी युक्ती पुढे होती. तो आवाज खाली आणून म्हणाला, "शंभर वर्षांच्या वर झालेली वस्तू आहे. कायद्याचं लफडं असतं. बिल देता येणार नाही, पैसे रोख द्या, आणि सावंतवाडीत कुणाला दाखवू नका, तुम्हीच अडकाल." आम्ही घाबरलो आणि गप्प बसलो. कुडाळच्या एटीएममधून पैसे काढून आणले. आपण थोडंसं बेकायदा काहीतरी करतोय या भावनेनं आमचं तोंड बंद केलं, आणि त्याला तेच हवं होतं. वर आईंसाठी लाखकामाचा देव्हारा भाऊ करून देईल, एसटीच्या पार्सलनं पाठवतो, म्हणून 5,000 इसार घेतला. फोनवर पैसे पाठवताना एका बाईचं नाव आलं. "मुलीचं खातं आहे," म्हणाला. आम्ही पाठवले.

दुसऱ्या दिवशी राजवाड्यात गेलो. दरबार हॉलमध्ये कलाकार बसून पानं रंगवत होते. 1970 च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवींनी, ही कला जवळजवळ संपत आली असताना, म्हाताऱ्या चितारांकडून ती पुन्हा उभी केली. आई अर्धा तास हलल्या नाहीत. रंग ओला असताना चकाकतो, वाळला की उतरतो, हे बघत होत्या. पर्समधली पेटी मात्र बाहेर काढायची सोय नव्हती.

चितारआळीत त्यांना राहवलं नाही. एका छोट्या दुकानात म्हातारे काका लाकडी आंब्यावर हिरव्यातून पिवळा रंग चढवत होते. आईंनी पर्समधून मत्स्य राजाचं एकच पान काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी हात पुसले, पान घेतलं, अंगठा हळूच त्या काळ्या भेगेवरून फिरवला. मग पुन्हा फिरवला. मग मला म्हणाले, "तुम्ही फिरवून बघा."

मी बोट फिरवलं. भेग डोळ्यांना दिसत होती, बोटाला लागत नव्हती. पृष्ठभाग काचेसारखा सपाट. ती भेग पानावर पडलेली नव्हती, पानावर छापलेली होती.

"ह्यां हातचां काम न्हय, बाय," ते म्हणाले. त्यांनी फोनचा कॅमेरा जवळ नेऊन चित्र मोठं केलं. माशाचा हिरवा रंग म्हणजे निळ्या-पिवळ्या ठिपक्यांची जाळी. हाताच्या कामात कुंचल्याचा ओघ दिसतो, रेघ कुठे जाड कुठे बारीक होते, रंगाचा किंचित उंचवटा लागतो. मग आम्ही पूर्ण पेटी उघडली. पिवळा डाग दोन वेगवेगळ्या पानांवर अगदी त्याच जागी, त्याच आकाराचा. कडा कोऱ्या करकरीत आणि मध्ये झिजल्यासारखं, म्हणजे नेमकं उलटं, कारण खेळून खेळून पान कडेला झिजतं, बोटं तिथे लागतात. एका पानाची कड त्यांनी ब्लेडनं खरवडली, आत पांढरा पुठ्ठा निघाला. जुन्या पानात कापडाचे थर असतात, चिंचोक्याच्या खळीनं चिकटवलेले, वर खडूचा लेप, घोटाई आणि शेवटी लाख. शेवटी त्यांनी पानं मोजायला लावली. दहा अवतार, प्रत्येकाची बारा, म्हणजे 120. एकही कमी नाही. "शंभर वर्षं खेळलेली, आणि एक पान हरवलां नाय?" एवढंच बोलले. आईंना पाणी दिलं, मग चहा मागवला.

इथे एक सांगायला हवं. छापील गंजिफा विकणं काही वाईट नाही, कमी पैशात मुलांना खेळायला ती बरी. हल्ली हातानं रंगवलेल्या संचातही पुठ्ठा वापरतात. छापील म्हणून विकली तर कुणाची तक्रार नाही. आमची पेटी छापून, डागाळून, लाख फासून म्हातारी केलेली होती, आणि ती खपली की त्या काकांच्या आठवड्या-आठवड्यांच्या कामाची किंमत पडते. "या वर्षी असां पान घेऊन इलेले तुमी दुसरे," ते म्हणाले. आंब्याच्या पेटीचंही कोकणात हेच होतं, नाव देवगडचं आणि फळ भलतीकडचं, पण त्याबद्दल निदान लोक बोलतात. कलाकुसरीबद्दल कुणी बोलत नाही, कारण फसलेला माणूस लाजतो.

त्या घरी परत गेलो तर कुलूप. शेजारीण म्हणाली, भाड्यानं दिलं होतं, परवाच खाली केलं. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न बिल आहे का. नाही. फोनवरून गेलेल्या 5,000 साठी त्यांनीच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायला सांगितलं. ऑनलाइन पैसे गेले असतील तर तासाभराच्या आत हा नंबर लावा, खात्यात पैसे शिल्लक असेपर्यंतच ते अडवता येतात. आम्ही दीड दिवसानं लावला, रक्कम पुढे गेलेली होती. रोख दिलेल्या 16,500 चा तर कुठे मागमूसच नाही. दुकानातून घेतलेल्या मालाबद्दल तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही. पण दोन्हीकडे पावती आणि समोरच्याचा पत्ता लागतोच.

त्या कायद्याच्या धमकीबद्दल घरी आल्यावर वाचलं. 1972 चा पुरावस्तू कायदा खरा आहे. शंभर वर्षांवरच्या कलावस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. म्हणजे जो माणूस कागदाशिवाय, गुपचूप, शंभर वर्षांची वस्तू विकतोय तो एकतर खोटं बोलतोय किंवा गुन्हा करतोय. दोन्ही वेळा तिथून उठायचं. आणि कुणी भौगोलिक मानांकनाचा लॅमिनेट केलेला कागद दाखवला तर त्यावर कुणाचं नाव आहे ते वाचा. मानांकन त्या भागाच्या कलेला मिळतं, ते वापरायला प्रत्येक कारागिराला स्वतःची वेगळी नोंदणी करावी लागते.

तुम्ही जाल तेव्हा आधी राजवाड्यात जा, रंगवताना बघा, पानाला हात लावून बघा, किंमती विचारा, आणि मगच बाहेर कुठे घ्या. दुकानात शिरल्यावर तुम्हाला काय हवंय ते आधी सांगू नका, त्यांच्याकडे काय आहे ते विचारा. घरच्या म्हाताऱ्या माणसाला गप्प बसवू नका, पण त्यांच्या आठवणी ऐकून कुणी आतून नेमकी तीच वस्तू घेऊन आला, तर त्या दिवशी पैसे देऊ नका. एक रात्र जाऊ द्या. आणि "कुणाला दाखवू नका" हे वाक्य कानावर पडलं की ती वस्तू पहिल्यांदा कुणाला तरी दाखवाच.

छापील संच पोलिसांनी ठेवून घेतला, पेटी आम्हाला परत दिली. पूर्ण संच घेण्याइतके पैसे आता नव्हते, म्हणून चितारआळीतल्या काकांनी ओळखीच्या एका गंजिफा रंगवणाऱ्या बाईंना सांगून दहा अवतारांचे फक्त दहा राजे करून द्यायचं ठरवलं, जमेल तसे एकेक. पाचशे रुपये इसार दिला, पावती घेतली, तिच्यावर दुकानाचा शिक्का आहे. मत्स्य आणि कूर्म जानेवारीत आले. आईंनी आधी बोट फिरवून बघितलं, मग पेटीत ठेवले. परवा वराह आला.