उत्तर आले की घंटी वाजते. न आले तर? विकिपीडियाच्या चर्चा-साधनांचे परीक्षण

विकिपीडियावरील प्रत्येक लेखामागे एक चर्चापान असते, हे अनेक नियमित वाचकांनाही ठाऊक नसते. लेखातील एखादे विधान चुकीचे वाटले, एखाद्या आकड्याला आधार दिसला नाही किंवा लेखाच्या शीर्षकातील ऱ्हस्व-दीर्घ खटकले, तर त्याविषयीचे बोलणे त्या पानावर होते, आणि लेखाची पुढची घडण पुष्कळदा त्या बोलण्यावर ठरते. मराठी विकिपीडियावर मी गेली अकरा वर्षे लिहीत आहे. या काळात चर्चापानांवरील संवादाचा पाठपुरावा करण्यासाठी विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशन या संस्थेने ज्या सोयी क्रमाक्रमाने दिल्या, त्यांचे हे परीक्षण आहे. वापरायला या सोयींना पैसे पडत नाहीत आणि त्यांच्यासोबत जाहिराती येत नाहीत, त्यामुळे किमतीचा प्रश्न येथे नाही. एकदा सुरू केलेले बोलणे शेवटास नेण्यात त्या कितपत साहाय्य करतात, एवढाच प्रश्न मी समोर ठेवला आहे.

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, याला एक कारण घडले. २०१६ साली मी एका गिरिदुर्गावरील लेखाच्या चर्चापानावर विचारले होते की, लेखात दिलेली उंची समुद्रसपाटीपासूनची आहे की पायथ्याच्या गावापासूनची. डोंगरांच्या आणि किल्ल्यांच्या लेखांत हा घोळ वारंवार होतो. कळसूबाईची १६४६ मीटर ही उंची समुद्रसपाटीपासूनची आहे, बारी गावातून चढणारा माणूस प्रत्यक्षात त्याहून बराच कमी चढतो, आणि हे दोन आकडे एकमेकांच्या जागी गेले की लेख निरुपयोगी होतो. माझ्या प्रश्नाला चार महिन्यांनी एका सदस्याने उत्तर दिले. त्याने जुन्या गॅझेटियरचा पृष्ठक्रमांक दिला होता आणि शेवटी लिहिले होते, ‘आपली हरकत नसल्यास मी बदल करतो.’ ते वाक्य मी दोन वर्षांनी वाचले. तोवर त्या सदस्याचे शेवटचे संपादन होऊनही दीड वर्ष उलटले होते. त्याच्या सदस्यपानावर मी आभाराचे चार शब्द लिहिले, पण त्यांना उत्तर आले नाही. लेखातील आकडा त्याच संध्याकाळी मी दुरुस्त केला. जे काम त्या माणसाने निगुतीने करून माझ्या हाती ठेवले होते, ते केवळ मी परतून न पाहिल्यामुळे दोन वर्षे अडून राहिले.

असे का घडले, हे समजून घेताना त्या वेळच्या सोयींचा विचार करावा लागतो. ते पान माझ्या निरीक्षणसूचीत, म्हणजे नजर ठेवण्यासाठी निवडलेल्या पानांच्या यादीत, होते. मात्र निरीक्षणसूची पूर्ण पानावर नजर ठेवते, त्यावरील एका संभाषणावर नव्हे. शिवाय ती ठरावीक दिवसांतील ताजे बदलच समोर मांडते, त्यामुळे पंधरा दिवस प्रवासात गेले की मधला मजकूर नजरेखालून निघून जातो. माझ्या सूचीत तेव्हा चारशेच्या आसपास पाने होती, आणि त्या गर्दीत एका ओळीचे उत्तर हरवणे अगदी सहज शक्य होते. पुढे २०२० मध्ये सूचीतील पानाला मुदत घालण्याची सोय झाली, म्हणजे एखादे पान आठवडाभर किंवा महिनाभर पाहायचे आणि मग ते आपोआप सूचीतून जाऊ द्यायचे. सूची आटोपशीर ठेवण्यासाठी ती सोय चांगली आहे, परंतु मराठी चर्चापानांच्या बाबतीत मी ती वापरत नाही, कारण येथे उत्तर येण्याआधीच मुदत संपण्याची शक्यता अधिक असते.

दुसरा जुना मार्ग समोरच्या माणसाच्या सदस्य-चर्चापानावर जाऊन लिहिण्याचा होता. तेथे लिहिले की त्याला निश्चितपणे कळते, पण मग त्याने उत्तर आपल्या पानावर द्यायचे की माझ्या, हा पेच उभा राहतो. कित्येक जुनी संभाषणे अशी दोन पानांवर अर्धी-अर्धी विखुरलेली आहेत, आणि तिसऱ्या वाचकाला ती जुळवून वाचताना फार सायास पडतात. २०१३ पासून सूचनांची घंटी आली आणि कोणाच्याही सदस्यनावाचा दुवा देऊन त्याला चर्चेत बोलावता येऊ लागले. ही सुधारणा मोठी होती, परंतु तिच्यात एक अट दडलेली आहे, जी नवख्यांना माहीत नसते. नावाचा दुवा आणि आपली सही या दोन्ही गोष्टी एकाच संपादनात जतन झाल्या, तरच समोरच्याला सूचना जाते. सहीची चार तरंगचिन्हे (~~~~) विसरली आणि नंतरच्या संपादनात ती घातली, तर पानावर सारे व्यवस्थित दिसते, पण सूचना गेलेलीच नसते. लिहिणाऱ्याला वाटते की आपण विचारले आणि त्याने दुर्लक्ष केले, तर समोरच्याला मुळात काही कळलेलेच नसते. काही सदस्यांमधील दुरावा एवढ्याशा कारणावरून सुरू झालेला मी पाहिला आहे, आणि म्हणून ही अट प्रत्येक नव्या सदस्याला पहिल्याच दिवशी सांगावी, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

मधल्या काळात चर्चापानांची रचनाच बदलून टाकण्याचे दोन प्रयत्न झाले. लिक्विडथ्रेड्स आणि नंतर फ्लो या नावांच्या प्रणालींनी प्रत्येक संदेशाला वेगळी चौकट दिली होती. जुन्या संपादकांना त्या मानवल्या नाहीत, आणि त्यांचा आक्षेप मला योग्य वाटतो. विकिपीडियाचे चर्चापान हे लेखाच्या पानासारखेच मोकळे असते. त्यावर तक्ता मांडता येतो, लेखातला परिच्छेद उतरवून त्यावर काम करता येते, विखुरलेली चर्चा एकत्र करता येते, आणि प्रत्येक बदल पानाच्या इतिहासात राहतो. चौकटींमध्ये हे मोकळेपण आक्रसले. २०१९ मध्ये संपादकांशी व्यापक विचारविनिमय झाल्यावर फाउंडेशनने पाने आहेत तशीच ठेवून त्यांवर साधने चढवण्याचा मार्ग स्वीकारला. २०२० पासून ही साधने टप्प्याटप्प्याने येऊ लागली, आणि या परीक्षणाचा मुख्य विषय तीच आहेत.

यातील पहिले साधन उत्तराचे आहे. प्रत्येक संदेशाच्या शेवटी उत्तर देण्याचा दुवा दिसतो, त्यावर टिचकी मारली की तेथेच लिहिण्याची जागा उघडते, आणि मजकूर जतन करताना सही आणि उत्तर आत सरकवणारा समास आपोआप लागतात. वर सांगितलेला सहीचा घोटाळा त्यामुळे बव्हंशी मिटला. पूर्वी विरामचिन्हांतली अपूर्णविरामाची खूण (:) मोजून मोजून उत्तर आत सरकवावे लागे. त्या खटपटीला कंटाळून बोलणे सोडून दिलेल्या दोघा-तिघा ज्येष्ठ सदस्यांना मी ओळखतो, आणि या साधनानंतर त्यांच्यापैकी एक जण पुन्हा चर्चेत दिसू लागले याचा मला मनापासून आनंद आहे.

खरे मोल मात्र दुसऱ्या साधनाचे आहे. चर्चेच्या मुख्य शीर्षकाशेजारी आता ‘सबस्क्राइब’ करण्याचा, म्हणजे त्या विषयाची सदस्यता घेण्याचा, दुवा असतो. तो दाबला की संपूर्ण पानाऐवजी तेवढ्या एका विषयात कोणीही नवे लिहिले की आपल्याला सूचना येते, मग त्याने आपले नाव घेतलेले असो वा नसो. विषयाची ओळख शीर्षकाच्या शब्दांवरून ठेवलेली नसून त्यातील सर्वांत जुन्या संदेशाचा लेखक आणि त्याची वेळ यांवरून ठेवलेली आहे, म्हणून पुढे कोणी शीर्षक बदलले तरी धागा तुटत नाही. मराठीत शीर्षकांचे शुद्धलेखन सतत सुधारले जाते, त्यामुळे रचनाकारांचा हा विचार आपल्याला विशेष उपयोगी पडतो. पसंतीक्रमात, म्हणजे आपल्या खात्याच्या मांडणीच्या पानावर, जाऊन आणखी एक खूण केली, तर आपण सुरू केलेल्या किंवा उत्तर दिलेल्या प्रत्येक विषयाची सदस्यता आपोआप मिळते. ही खूण प्रत्येकाने करावी. त्याच जागी सूचना ई-मेलने मिळण्याचीही सोय निवडता येते, आणि जे रोज विकिपीडियावर येत नाहीत त्यांच्यासाठी ती अत्यावश्यक आहे. शीर्षकाखाली शेवटचा संदेश केव्हाचा, एकूण संदेश किती आणि बोलणारे किती, हेही आता दिसते, त्यामुळे एखादी चर्चा जिवंत आहे की थंडावली आहे, हे पान न वाचताही समजते.

या सूचना एका प्रकल्पापुरत्या मर्यादित नाहीत, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. मराठी लेखांसाठी काढलेली छायाचित्रे आपण बहुधा विकिमीडिया कॉमन्स या सामायिक चित्रसंग्रहावर चढवतो, आणि त्यांच्या परवान्याविषयी शंका आली तर चर्चा तिकडे, बहुतेक वेळा इंग्रजीत, होते. चित्र वगळण्याच्या प्रस्तावावर सामान्यतः ७ दिवस चर्चा चालते. तेवढ्या दिवसांत छायाचित्रकाराने खुलासा केला नाही, तर चित्र जाऊ शकते. पूर्वी त्यासाठी कॉमन्सवर मुद्दाम जाऊन पाहावे लागे, तर २०१६ पासून तेथील सूचना मराठी विकिपीडियावरील घंटीतच दिसते. गावोगावच्या जत्रा, बारवा आणि वीरगळ यांची चित्रे टिपणाऱ्या हौशी छायाचित्रकारांना या एका सोयीमुळे वेळेत उत्तर देता येते.

एवढे गुण मान्य करूनही या साधनांची एक मूलभूत उणीव सांगितलीच पाहिजे. कोणी बोलले तरच घंटी वाजते, कोणीच बोलले नाही तर ती वाजत नाही. इंग्रजी विकिपीडियावर विचारलेल्या प्रश्नाला कोणी ना कोणी लवकर उत्तर देतो, तेथे ही उणीव फारशी जाणवत नसेल. मराठीत नियमित लिहिणारे संपादक मोजके आहेत, त्यांतले बरेच नोकरी-संसार सांभाळून रात्री तासभर येतात, आणि म्हणून येथे विचारलेल्या प्रश्नाला सर्वाधिक वेळा मिळणारे उत्तर मौन हे असते. त्या मौनाची आठवण करून देणारी कोणतीही व्यवस्था या साधनांत नाही. ‘या विषयावर महिनाभरात कोणी लिहिले नाही तर मला कळवा’ एवढे सांगता आले असते, तरी पुष्कळ काम झाले असते. जी-मेलमध्ये उत्तर न आलेले पत्र काही दिवसांनी पुन्हा वर आणून दाखवण्याची सोय २०१८ पासून आहे, तेव्हा ही कल्पना नवी नाही आणि अशक्यही नाही.

मौनाचा दुसरा प्रकार अधिक हानिकारक आहे. चर्चा होते, तीन जण सहमत होतात, ‘हो, बदल करायला हवा’ असे लिहिले जाते, आणि प्रत्यक्ष लेखाला कोणी हात लावत नाही. अशी एकमताने संपलेली आणि तरीही अपुरी राहिलेली संभाषणे मराठी चर्चापानांवर किती तरी सापडतील. साधनाच्या दृष्टीने ती चर्चा पूर्ण झालेली असते, कारण त्यात नवे काही येत नाही.

म्हणून मी या साधनांच्या जोडीला एक साधी वही ठेवली आहे. प्रश्न विचारल्याच्या दिवशी मी लेखाचे नाव, प्रश्न आणि पुढे पाहण्याची तारीख लिहितो. पंधरा दिवसांत उत्तर नसेल तर त्या लेखात पूर्वी भर घातलेल्या सदस्याचे नाव इतिहासातून शोधून त्याला दुव्याने बोलावतो, आणखी महिनाभर वाट पाहून चावडीवर, म्हणजे मराठी विकिपीडियाच्या सामायिक चर्चेच्या पानावर, एकदा विषय मांडतो, आणि तरीही कोणाची हरकत आली नाही तर आधार देऊन स्वतः बदल करतो व चर्चापानावर तसे नोंदवतो. ही शेवटची नोंद मी कधी टाळत नाही, कारण पाच वर्षांनी तोच प्रश्न घेऊन येणाऱ्याला आधीचे बोलणे कोठे थांबले, हे त्या एका ओळीवरून समजते. प्रश्नाची भाषाही मी बदलली. ‘या लेखाबद्दल आपले मत काय?’ असे विचारण्याऐवजी ‘दुसऱ्या परिच्छेदातील १८ व्या शतकाचा उल्लेख काढावा का?’ असे विचारले, तर दोन मिनिटे हाताशी असलेला माणूसही उत्तर देऊ शकतो. ज्याने उत्तर दिले त्याच्या संपादनाला इतिहासातून ‘धन्यवाद’ देण्याची एक टिचकीची सोय आहे, तीही मी वापरतो, म्हणजे आपले उत्तर वाचले गेले एवढे तरी त्याला कळते.

किरकोळ त्रुटी आणखी दोन आहेत. खाते न उघडता लिहिणाऱ्याला विषयाची सदस्यता घेता येत नाही, आणि मराठीत असे लिहिणारे अनेक असल्यामुळे त्यांनी विचारलेले प्रश्न त्यांच्यापुरते तेथेच संपतात. तसेच चावडीवरील मोठ्या वादाची सदस्यता घेतली की दिवसाला वीस-वीस सूचना साचतात. त्या एकत्र गुंडाळून दाखवल्या जातात हे खरे, तरी अशा वेळी सदस्यता तात्पुरती सोडणेच बरे. घेतलेल्या सर्व सदस्यतांची यादी देणारे एक विशेष पान आहे, ते दर तीन महिन्यांनी चाळावे.

मराठी विकिपीडियावर नव्याने लिहू लागणाऱ्याला ही साधने वापरण्याची शिफारस मी निःशंकपणे करतो. खाते उघडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत आपोआप सदस्यतेची खूण आणि ई-मेलची सोय चालू करावी, आणि तारखांसाठी स्वतःची वही ठेवावी. माझ्या वहीत आज नऊ विषय उघडे आहेत. त्यांतील सर्वांत जुना एका नदीच्या उगमस्थानाविषयीचा आहे. त्यावर चौदा महिने कोणी बोललेले नाही, आणि परवा मी त्या लेखाच्या मूळ लेखकाला पुन्हा एकदा नावाने बोलावले आहे.