लाइटरूमचं ‘अपराइट’ आणि लिव्हरपूलचं गोल कॅथेड्रल

वास्तुविशारद फ्रेडरिक गिबर्ड यांचं लिव्हरपूलमधलं 1967 चं मेट्रोपॉलिटन कॅथेड्रल म्हणजे अडोबीच्या लाइटरूम क्लासिक या फोटो-संपादन सॉफ्टवेअरमधल्या, फोटोतल्या कललेल्या रेषा सरळ करणाऱ्या ‘अपराइट’ची खरी परीक्षा. इमारतीला 16 तिरके काँक्रीटचे टेकू आहेत. ‘अपराइट’चे ‘ऑटो’ किंवा ‘व्हर्टिकल’ हे आपोआप चालणारे पर्याय दिले की या तिरक्या रेषाच उभ्या समजल्या जाण्याचा धोका असतो, आणि तंबूसारखा आकारच बिघडतो. इथे ‘गाइडेड’च वापरा, म्हणजे कोणत्या रेषा उभ्या मानायच्या ते तुम्हीच रेषा ओढून सांगता. आधी लेन्स प्रोफाइल (लेन्समुळे आलेला वाकडेपणा काढणारी सोय) लावा, मग दरवाजाच्या दोन्ही उभ्या कडांवर रेषा ओढा. वरच्या मनोऱ्याच्या कडा धरू नका, त्या मुळातच तिरक्या आहेत. फोटो काढतानाच चारही बाजूंना जागा सोडा, नाहीतर सरळ करताना वरची टोकं कापली जातात.

आतला निळा प्रकाश अप्रतिम, पण फसवा! एकूण हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) ठीक दिसतो, तरी निळ्या रंगाचा चॅनल फुटलेला, म्हणजे मर्यादेबाहेर गेलेला असतो आणि काचेतले बारकावे सपाट होतात. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) फोटो काढताना एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मं एक्स्पोजर द्या, मग लाइटरूममध्ये रंगांचं प्रोफाइल ‘अडोबी न्यूट्रल’ निवडा, निळ्याचं सॅच्युरेशन 15 ते 20 ने उतरवा. व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीची सेटिंग) ‘ऑटो’वर मुळीच नको, निळाई मारण्याच्या नादात वेदीचा पांढराशुभ्र संगमरवर पिवळट होतो. सावल्यांसाठी मात्र मास्किंग (फोटोचा ठरावीक भागच निवडून बदलणं) झकास चालतं.