स्वरांचा कॅट, आठ महिन्यांनंतर: खेळ झकास, पण तो ‘ग’!

सा रे ग म छापलेल्या पत्त्यांचा पहिला कॅट झिजला म्हणून गेल्या आठवड्यात दुसरा मागवला. पाकीट फोडून आधी ‘ग’ आणि ‘म’ शेजारी धरून पाहिले. तस्सेच! आठ महिन्यांत विक्रेत्याला तीनदा लिहून झालं, दर वेळी उत्तर एकच: ‘छपाईत दोष नाही, डिझाइनच तसं आहे.’

दोष कुठे आहे ते सांगतो. पानं पंख्यासारखी पसरली की प्रत्येक पानाची डावी कड जेमतेम ५-६ मिमी दिसते. कोपऱ्यातलं अक्षर छापलंय ९ मिमी रुंद. म्हणजे उजवा काना शेजारच्या पानाखाली जातो, आणि त्याच्यासोबत ‘म’ची आडवी दांडीही. उरतं काय? शिरोरेषेखाली एक उभी रेघ आणि तळाशी वळलेली गाठ. ‘ग’चंही तेच, ‘म’चंही तेच. ‘सा’, ‘रे’, ‘नि’ यांना काही अडचण नाही, ‘प’ आणि ‘ध’ही ओळखू येतात. नेमके एकमेकांना चिकटून येणारे दोन स्वरच जुळे भाऊ करून ठेवलेत. अक्षर ५ मिमीचं केलं असतं तर शाईही वाचली असती.

एवढं का लावून धरलंय, ते या कॅटचा जादूचा खेळ माहीत असणाऱ्याला कळेल. कॅटची ४९ पानं सा रे ग म प ध नि या क्रमाने सात वेळा लावायची (तार सप्तकाचे तीन ‘सा’ आणि दोन कोरी पानं डबीतच राहू द्या). हवं तितक्यांदा काटून घ्या, चक्र मोडत नाही. मग समोरच्याला साधारण अर्धी पानं एकेक करून टेबलावर टाकायला सांगायची. टाकताना त्यांचा क्रम उलटतो, सगळी गंमत तिथेच आहे. आता हातातला आणि टेबलावरचा गठ्ठा एकमेकांत मिसळायचा, फक्त एकदा. यानंतर वरून सात-सात पानं काढा, प्रत्येक सातात पूर्ण सप्तक, म्हणजे सातही स्वर एकेकदा, येतं. गणिती-जादूगार नॉर्मन गिलब्रेथ यांनी १९६६ मध्ये मांडलेलं तत्त्व आहे हे. एका गठ्ठ्याच्या माथ्यावर चक्रातला एक स्वर असतो, दुसऱ्याच्या माथ्यावर त्याच्या लगतचा. एक गठ्ठा पुढे चालतो, दुसरा मागे, त्यामुळे कुठूनही कितीही पानं आली तरी सात मिळून सलगच राहतात.

बिघडतं ते दोन ठिकाणी. मिसळल्यावर कुणी सवयीने कॅट काटला की सातांची हद्द सरकते. आणि आपल्याकडे घरोघरी पानं हातावर पिसतात, कोपरे फरफरवून मिसळण्याची सवय थोड्यांनाच. हातावर पिसलं की संपलं. म्हणून ‘पिसा’ हा शब्दच उच्चारू नका. ‘दोन्ही गठ्ठ्यांच्या वरून मनाला येईल तसं एकेक पान उचला आणि एकावर एक ठेवत जा,’ असं सांगा. गणित तेच राहतं, आणि बघणाऱ्याला तर हे जास्तच मोकळं वाटतं.

लावताना एक ‘ग’ ‘म’च्या जागी गेला, की दोन सप्तकांत घोळ. तोही शेवटी उघड होतो, सगळ्यांसमोर.

सुरुवातीला मी या कॅटला खेळणं म्हणत होतो. मत बदललं ते रूपक तालामुळे. मात्रा सात, पानं सात: एका आवर्तनात, म्हणजे तालाच्या एका फेरीत, एक सप्तक उघडतं आणि ४९ पानं बरोबर सात आवर्तनांत संपतात. मिनिटाला ८० मात्रांच्या लयीत सदतीस सेकंद लागतात, मधे बोलायची गरजच नाही. लेहरा (तालाची फेरी दाखवणारी, पुन्हा पुन्हा वाजणारी धून) चालू ठेवायचा आणि नव्या सप्तकाचं पहिलं पान समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर टाकायचं. रूपकात सम ‘खाली’वर, म्हणजे बिनजोराच्या मात्रेवर येते, जोरकस ‘धा’ मिळत नाही, त्यामुळे सुरुवातीला पान अर्धी मात्रा आधी पडतं. बोटावर मोजत सराव करा.

त्याहून भारी म्हणजे दोन स्वर काढून टाकणं. ‘म’ आणि ‘नि’ची चौदा पानं काढली की ३५ उरतात, चक्र पाचाचं होतं आणि प्रत्येक पाचात भूप रागाचे स्वर. ‘ग’ आणि ‘नि’ काढा, दुर्गा. ‘म’ आणि ‘ध’ काढा, हंसध्वनी. पेटीवर कुणी असेल तर पडलेल्या क्रमाने पाच स्वर वाजवून लगेच आरोह-अवरोह घ्यावा. भूप आणि दुर्गात अर्ध्या स्वराच्या अंतरावरचे शेजारी स्वर नसल्याने कसाही क्रम गोड लागतो. हंसध्वनीत ‘नि’ आणि ‘सा’ शेजारी पडले की किंचित टोचतं. दहा मात्रांचा झपताल लावायचा तर ३५ पानांना साडेतीन आवर्तनं होतात आणि शेवट समेवर येत नाही. पहिली पाच पानं आधीच कुणाच्या तरी हातात द्या, उरलेली ३० तीन आवर्तनांत बसतात. मात्र भूपासाठी ‘म’ काढताना चुकून ‘ग’ निघाला तर काय होईल, ते सांगायला नकोच.

लेहरा ब्लूटूथ स्पीकरवर लावत असाल तर त्याबद्दल थोडक्यात. शांतता दिसली की तो झोपतो आणि जागा होताना टुंग करतो. तानपुरा अगदी बारीक आवाजात अखंड चालू ठेवा, झोपत नाही.

पावसाळ्यात पानं फुगून चिकटतात. टाल्कम पावडर लावू नका, घामाने तिचे गोळे होतात. पत्र्याच्या डबीत सिलिका जेलची पुडी टाका, बुटांच्या खोक्यात फुकट मिळते.

‘ग’वरचा इलाज: बारीक टोकाच्या परमनंट मार्करने ‘म’च्या सातही पानांवर, दोन्ही टोकांच्या अक्षरांच्या डावीकडे, कडेलगत एकेक ठिपका. एकूण चौदा ठिपके. बॉलपेन प्लास्टिकच्या थरावर टिकत नाही, ओल्या बोटाने पुसलं जातं. मार्करला चाळीस रुपये पडले, तेही खरं तर विक्रेत्याकडूनच घ्यायला हवेत. पाचपैकी तीन तारे. कापलेले दोन्ही ‘ग’च्या नावावर.